माईंचा तिसरा अध्याय

संध्याकाळी देवापाशी दिवा लावून झाला की आमच्या माई घरातल्या प्रत्येकासमोर येऊन उभ्या राहत आणि विचारत, "आज माझं काही लागलं का?" घरातल्यांचं सोडाच, त्या वेळी घरात सापडलेलं कुणीच या प्रश्नातून सुटत नसे. एकदा पंखा दुरुस्त करायला आलेला इलेक्ट्रिशियन शिडीवर चढलेला होता. माई शिडीखाली जाऊन म्हणाल्या, "सकाळी फोनवर मी तुम्हाला म्हणाले, की तुम्ही येईपर्यंत उन्हाळा संपेल, तेव्हा आता पंखा काढून न्यायलाच या. ते लागलं का?" त्या बिचाऱ्याला वाटलं, ही नव्या भांडणाची सुरुवात आहे. तो वरूनच म्हणाला, "नाही हो आजी, आम्हाला सवय आहे." माई मान खाली घालून स्वयंपाकघरात आल्या. मला म्हणाल्या, "सवय आहे म्हणजे लागलं. उद्या परत तिसरा."

तिसरा म्हणजे पोथीचा तिसरा अध्याय. त्या अध्यायाचं आणि माझ्या सासूबाईंचं काय होतं ते सांगण्याआधी त्यांच्या जिभेबद्दल सांगायला हवं, कारण सगळं तिथून सुरू झालं.

मी यवतमाळची. हडपसरला एका आयटी कंपनीत नोकरीला लागले, तिथे नितीन भेटला आणि लग्न होऊन शनिवार पेठेत आले. आमच्याकडे भांडण म्हणजे भांडण असतं बापा. चार घरांना ऐकू जातं, दोघी-तिघी मध्ये पडतात, संध्याकाळी एकमेकींकडे भाजीची वाटी पोचते आणि विषय मिटतो. पुण्यात मात्र आपल्याला कुणी काही बोललं आहे, हे दुसऱ्या दिवशी अंघोळ करताना लक्षात येतं. माईंचं या बाबतीत सबंध पेठेत नाव होतं. आवाज कधी चढायचा नाही, एकही शब्द वावगा नसायचा. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मी हौसेनं आमच्या पद्धतीची भरली वांगी केली, वर तेलाची तर्री आलेली. माईंनी एक घास घेतला, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "छान. वांगं सापडलं की सांग."

त्या मुलींच्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाल्या होत्या. किरकोळ बांधा, इस्त्रीची सुती साडी, नाकाच्या शेंड्यावर चष्मा. स्वतः पन्नाशीला आलेल्या त्यांच्या विद्यार्थिनी मंडईत माई दिसल्या की हातातली पिशवी सरळ धरायच्या. माझे सासरे मी या घरात येण्याआधीच गेले होते. भिंतीवरच्या फोटोत त्यांचे ओठ घट्ट मिटलेले आहेत. मला सुरुवातीला वाटायचं की फोटोग्राफरनं तसं सांगितलं असेल.

एक गोष्ट मात्र मान्य करते. माईंच्या मनात वाईट नसायचं. सुमनताई, म्हणजे आमच्याकडे भांडी-फरशीला येणाऱ्या बाई, आजारी पडल्या तेव्हा माई डबा घेऊन त्यांच्या घरी गेल्या. डबा ठेवला, कपाळाला हात लावून ताप बघितला, आणि निघताना म्हणाल्या, "पडून राहा. तुम्ही आलात काय नि नाही काय, फरशीला फारसा फरक कळत नाही." त्यांना म्हणायचं होतं की काळजी करू नका. जन्मभर चिमटा काढून बोलायची सवय लागली की प्रेमानं बोलतानाही चिमटाच बसतो. आणि तो एकदा अशा ठिकाणी बसला की सगळं घर दुखलं.

माईंची मोठी मुलगी मृणाल, माझी नणंद, बिबवेवाडीला राहते. तिनं चांगली बँकेतली नोकरी सोडली आणि घराजवळ केकचं छोटं दुकान काढलं. उद्घाटनाला तिच्या सासरचे, शेजारचे, जुने बँकेतले असे सगळे जमले होते. तिनं पहिला तुकडा माईंच्या हातात दिला. सगळ्यांचे डोळे माईंकडे. माईंनी खाल्ला, रुमालानं तोंड टिपलं आणि म्हणाल्या, "बरा आहे. विकायला कशाला ठेवतेस, असा वाटायलाही चालेल." लोक हसले. मृणालताई पण हसली, आणि मग आत जाऊन बराच वेळ बाहेर आली नाही. त्यानंतर ती आमच्या घराची पायरी चढली नाही. नितीनशी बोलायची, माझ्याशी बोलायची, माझी मुलगी सई तर दर रविवारी बाबाबरोबर तिच्या दुकानात जाऊन बसायची. पण माईंकडे नाही. पहिल्या दिवाळीला नितीननं फार गळ घातली तेव्हा ती म्हणाली, "ती दिवसभर कुणाला न टोचता राहिली ना, की मला कळव. त्या दिवशी येते." नितीननं हे घरी येऊन सांगितलं आणि वर "रागात म्हणाली गं" असं सारवायला गेला. माई म्हणाल्या, "रागात नाही. विचार करून म्हणाली. माझी मुलगी आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कपाटातून त्यांच्या आईची पोथी काढली. कोणती ते मी सांगणार नाही. सांगितलं की लगेच दोन तट पडतील, तिच्यापेक्षा दुसरी कशी श्रेष्ठ हे मला समजावायला लोक घरी येतील आणि माझं सांगणं राहून जाईल. लाल कापडात बांधलेली, कडा पिवळ्या पडलेली, मोठ्या टाइपाची पोथी होती एवढं पुरे. माईंनी ती हॉलमध्ये पाटावर ठेवली, निरांजन लावलं आणि सगळ्यांना बोलावून सांगितलं, "रोज एक अध्याय वाचणार. संपली की समाप्तीला मृणालला जेवायला बोलावणार."

आता, पोथी वाचायची एक जुनी रीत आहे. अध्याय सुरू केला की संपेपर्यंत मध्ये बोलायचं नाही. बोललं तर तो अध्याय पहिल्या ओवीपासून. ही रीत माईंच्या आईची, म्हणून ती आलीच. पण माईंनी तिला स्वतःचं एक कलम जोडलं. वाचून उठल्यावर दिवसभरात आपण कुणाला लागेल असं बोललो, तर तो अध्याय आपल्याला समजलाच नाही असं धरायचं, आणि दुसऱ्या दिवशी तोच परत वाचायचा. लागलं की नाही हे आपण ठरवायचं नाही. ज्याला बोललो त्याला विचारायचं.

पहिले दोन अध्याय कसे निघाले म्हणाल, तर त्या दोन दिवसांत माईंचा घसा बसला होता.

तिसऱ्यात गाडी अडकली ती अडकलीच. त्या अध्यायात बोलावं कसं याबद्दल काही ओव्या आहेत. माझ्या शब्दांत सांगायचं तर, तोंडातून निघालेलं दुसऱ्याच्या आत जाऊन राहतं, तेव्हा तिथे काय ठेवतो आहोत ते आधी बघावं, असं काहीसं. माई त्या ओव्या वाचत असत नेमक्या सकाळच्या घाईत. इकडे माझी हडपसरची बस, तिकडे सईची शाळेची व्हॅन, नितीनचा एक मोजा सापडत नाही, गॅसवर दूध. माईंचा आवाज संथ लयीत चाललेला असायचा. मी दुधाकडे पाठ करून डबा भरत असले की तो आवाज हळूहळू वर चढायचा, ओवीचे शब्द तेच, पण डोळे दुधावर. शेवटी राहवायचं नाही. "वैशाली, दूध ओतूनच द्यायचं असेल तर मोरीत दे, ओटा नुकता पुसलाय." झालं. अध्याय पहिल्यापासून.

मग त्यांनी पळवाटा शोधल्या. बोलायचं नाही म्हणून खुणा करू लागल्या. पण माईंची खूण ही बोलण्यापेक्षा वाईट. नितीन मोजा शोधत असला की त्या वाचता वाचता एक बोट उचलून त्याच्या पायाकडे दाखवायच्या. मोजा पायातच असायचा. आणि त्यांचा एक हुंकार होता, "हं" एवढाच, पण त्यात माझं माहेर, माझं शिक्षण आणि माझी पोळी असं सगळं यायचं. संध्याकाळी त्या विचारायला आल्या तेव्हा मी म्हटलं, "शब्द नव्हता माई, पण 'हं' लागलं." त्यांनी बराच विचार केला. म्हणाल्या, "धरायला हवं." दुसऱ्या दिवशी परत तिसरा.

सुरुवातीला मी सून म्हणून भीडभाड ठेवून "नाही हो माई, काही नाही लागलं" असं म्हणत असे. त्या चष्म्यावरून बघत राहायच्या. "खोटं बोलू नकोस. मी बोलले तेव्हा तिथेच होते." मग मीही खरं सांगायला लागले, आणि सांगताना मोकळं वाटायला लागलं. आमच्या यवतमाळकडे असं तोंडावर सांगायची पद्धत आहेच, फक्त तिथे ऐकणारा शांत बसत नाही. माई शांत बसून ऐकायच्या. कधीकधी म्हणायच्या, "ते वाक्य चांगलं जमलं होतं गं, पण बरोबर आहे, लागलं असेल."

असा तो तिसरा अध्याय आमच्याकडे वर्षानुवर्षं मुक्कामाला राहिला. मला पाठ झाला, नितीनला पाठ झाला. सुमनताई फरशी पुसताना गुणगुणायच्या आणि माई कुठे चुकल्या तर पुढचा शब्द पुरवायच्या. सईनं शाळेच्या पाठांतर स्पर्धेत तो सबंध म्हटला आणि पहिली आली. परीक्षक बाईंनी कौतुकानं विचारलं, "आता चौथा कधी म्हणून दाखवणार?" सई म्हणाली, "चौथा अजून आमच्याकडे आलेला नाही." इमारतीतल्या बायका जिन्यात भेटल्या की आधी विचारायच्या, "कितवा?" मी "तिसरा" म्हटलं की समजायच्या की आज माईंकडे साखर मागायला जाण्यात अर्थ नाही.

एकदा आमचे गुरुजी आले होते. भला माणूस, त्यांना माईंची दया आली. म्हणाले, "माई, एवढा त्रास का करून घेता? सप्ताह लावू. सात दिवसांत पारायण होईल, मी स्वतः येऊन वाचतो, तुम्ही नुसतं ऐका. फळ पूर्ण मिळतं." माई म्हणाल्या, "गुरुजी, औषधाच्या बाटलीवर लिहिलेलं सात दिवस मोठ्यानं वाचलं तर खोकला जातो का?" गुरुजी चहा न घेता गेले. संध्याकाळी माईंनी त्यांना फोन लावला, "सकाळचं लागलं का?" गुरुजी पलीकडून म्हणाले, "लागलं." माईंनी फोन ठेवला आणि म्हणाल्या, "माणूस खरा आहे. उद्यापासून पूजेला त्यांनाच सांगायचं." आणि तिसरा परत सुरू झाला.

मला मात्र हे बघवत नसे. दर दिवाळीला माई फराळाचे डबे भरत, त्यातला एक जरा मोठा असे. तो सई नेऊन पोचवायची, कुणाकडून ते न सांगता. डबा रिकामा परत यायचा नाही, त्यात केक असायचा, कुणासाठी ते न सांगता. माई तो सगळ्यांना वाटायच्या, स्वतः घ्यायच्या नाहीत. एका पाडव्याला माझा संयम सुटला. मी म्हटलं, "माई, ती पोथी ठेवा बाजूला आणि सरळ फोन करा. अख्ख्या पेठेला लागलं का विचारता, इलेक्ट्रिशियनला विचारता, आणि जिला खरं लागलं तिला सोडून. अशानं काय होणार आहे?"

त्या रागावल्या नाहीत. डब्याचं झाकण लावत म्हणाल्या, "आज विचारीन. ती हो म्हणेल, रडेल, येईलही. आणि जेवताना मी परत काहीतरी बोलेन. एकदा तुटलेलं जोडता येतं वैशाली, दुसऱ्यांदा ती येणार नाही. आधी तोंड दुरुस्त होऊ दे." मला पहिल्यांदा समजलं की ही बाई पोथी संपवायला वाचत नाहीये. वय वाढत होतं, गुडघे बोलत होते, आणि तरी त्या रोज सकाळी त्याच पानावर जाऊन बसत होत्या. मला त्यांचं फार वाईट वाटलं, आणि थोडा अभिमानही वाटला, सांगते सरळ.

बदल झाला तो इतका हळू, की आम्हाला तो आजार वाटला. माईंना काही विचारलं की उत्तर यायला वेळ लागू लागला. "माई, चहा टाकू?" म्हटलं की त्या बघत राहायच्या आणि बऱ्याच वेळानं "टाक" म्हणायच्या. आमच्या ऑफिसात सर्व्हर अडकला की स्क्रीनवर गोल फिरत राहतो ना, अगदी तसं. नितीन घाबरला. त्याला वाटलं, आईला ऐकू येईनासं झालंय. आम्ही त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. वेळ घेऊन गेलो होतो, तरी दुपार बाहेरच्या बाकावर गेली. आत गेल्यावर ते तरुण डॉक्टर माईंच्या कानाशी तोंड नेऊन ओरडले, "आजी, या वयात थोडं कमी ऐकू येणारच."

माईंचे ओठ हलले. मी आणि नितीननं एकमेकांकडे पाहिलं. इतक्या वर्षांच्या अनुभवानं आम्हाला ठाऊक होतं की आता काहीतरी येतंय, आणि ते या डॉक्टरांच्या निवृत्तीपर्यंत त्यांच्याबरोबर राहणार. माईंनी ओठ मिटले. आवंढा गिळला. मग म्हणाल्या, "तपासा." तपासणीत कान ठणठणीत निघाले. रिक्षात बसल्यावर मला राहवेना. "माई, काय बोलणार होतात?" त्या रस्त्याकडे बघत होत्या. "विचारू नकोस," म्हणाल्या. "फार चांगलं होतं. वाया गेलं."

उत्तराला लागणारा तो वेळ काय होता हे तेव्हा आमच्या डोक्यात आलं. पहिलं सुचलेलं गिळायचं, दुसरं सुचलेलंही गिळायचं, आणि तिसरं बोलायचं. त्या संध्याकाळी माईंनी एकेकाला विचारलं. मी नाही म्हटलं, नितीननं नाही म्हटलं, सईनं नाही म्हटलं. सुमनताईंना घरी फोन केला, त्या म्हणाल्या, "नाही ओ माई, आज तर तुम्ही मला बोललाच नाहीत, तब्येत बरी आहे ना?" दुसऱ्या दिवशी सकाळी निरांजन लावून माईंनी चौथा अध्याय उघडला. पहिली ओवी वाचताना त्यांचा आवाज जरा चाचरला, कारण कितीतरी वर्षांत त्यांनी काही नवीन वाचलंच नव्हतं. सुमनताई फडकं हातात धरून ऐकत उभ्या राहिल्या.

त्यापुढचे अध्याय रमत-गमत का होईना पण सरकले. गणपतीत पाहुणे आले की एकच अध्याय महिनाभर पुरायचा. मेट्रोच्या कामासाठी खणलेल्या रस्त्याबद्दल त्या रिक्षावाल्याशी जे बोलल्या त्यात दोन आठवडे गेले. पण सरकत होते. माझी भरली वांगी परत झाली तेव्हा माईंनी खाल्ली, पाणी प्यायल्या, वेळ घेतला आणि म्हणाल्या, "तिखट आहे." एवढंच. मी नितीनला ऑफिसातून फोन करून ही बातमी सांगितली.

आणि बिबवेवाडीला, हे मला सईकडून नंतर कळलं, दर रविवारी मृणालताई काउंटर पुसता पुसता, सहज विचारल्यासारखं, सईला विचारायची, "कितवा?" सई सांगायची. ताई परत काउंटर पुसायला लागायची. चौथा सुरू झाला तेव्हा एकाच दिवसावर भरवसा ठेवून ती आली नाही, फक्त त्या रविवारी तिनं सईला हवा तो केक कापून दिला.

शेवटचा अध्याय आला. माईंनी समाप्तीचा गुरुवार ठरवला, पुरणपोळीचा बेत सांगितला आणि मला म्हणाल्या, "मृणालला तू फोन कर. माझा आवाज ऐकून ती नाही म्हणेल." मी केला. ताई म्हणाली, "बघते." पुण्यात "बघते" म्हणजे काय ते माईंना समजावून सांगायची गरज नव्हती. त्या "बरं" म्हणाल्या आणि हरभऱ्याची डाळ निवडायला बसल्या. निवडलेल्याच डाळीवरून त्या पुन्हा पुन्हा हात फिरवत होत्या.

बुधवारी सकाळी त्या शेवटचा अध्याय वाचायला बसल्या. अर्ध्याच्या वर झाला होता, आणि बेल वाजली. मी दार उघडलं. बाहेर मृणालताई उभी होती, केसांना चिमटा, कुर्त्यावर मैद्याचा डाग, हातात खोका. मी उद्याचं काहीतरी बोलायला लागले तर ती हळूच म्हणाली, "उद्या सगळे असतील. सगळ्यांसमोर तिला जास्त सुचतं." मग तिनं आत पाहिलं, वाचन चालू आहे हे तिला दिसलं, आणि तिनं मला हातानंच सांगितलं की चालू दे, मी इथेच थांबते. रीत तिलाही माहीत होती. ती उंबऱ्याच्या बाहेर, जिन्यात, उन्हाच्या तिरिपीत उभी राहिली.

माईंनी तिला पाहिलं होतं. बोट ओवीवर होतं, आवाज चालू होता, मग नुसते ओठ चालू होते, मग तेही थांबले. सई त्यांच्या शेजारी बसली होती. ती कुजबुजली, "माई, थोडंच राहिलंय." माईंनी चष्मा काढून पोथीवर ठेवला.

"मृणाल," त्या म्हणाल्या, "त्या दिवशी तुझ्या दुकानात मी बोलले, ते लागलं का?"

ताईनं हातातला खोका माझ्याकडे दिला. "हो," ती म्हणाली.

"मला त्याच दिवशी कळलं होतं," माई म्हणाल्या. "विचारायला उशीर झाला. आत ये. ऊन आहे तिथे."

ती आत आली. मला रडू आलं, आणि मी ते दारामागे जाऊन वगैरे लपवलं नाही, आमच्याकडे तशी पद्धत नाही. सईला मात्र नियमाची काळजी. "माई, अध्याय मोडला," ती म्हणाली. माई म्हणाल्या, "मोडू दे. जिच्यासाठी वाचत होते ती दारात आल्यावर वाचत कशाला बसू?"

मग खोका उघडला. तुकडा माईंच्या हातात गेला. सुमनताईंनी नळ बंद केला. माईंनी खाल्ला. पदरानं तोंड टिपलं. वेळ घेतला, आणि तो वेळ मला त्या कानाच्या डॉक्टरांकडच्या दुपारपेक्षा मोठा वाटला. मग म्हणाल्या, "अजून आहे?"

मृणालताईचे डोळे भरले होते. ती म्हणाली, "आहे. पण विकायला ठेवलाय."

माई हसल्या. इतक्या मोठ्यानं मी त्यांना कधीच हसताना ऐकलं नव्हतं. चष्मा नव्हता म्हणून डोळे पुसायला सोपं गेलं. ताई त्या दिवशी दुकान बंद ठेवून संध्याकाळपर्यंत राहिली. दिवा लावून झाल्यावर तीच उठून माईंसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "सकाळी मी बोलले, ते लागलं का?" माई म्हणाल्या, "लागलं. बरोबर लागलं. राहू दे."

मोडलेला अध्याय माईंनी दुसऱ्या दिवशी पुरा केला. पुरणपोळ्या झाल्या, गुरुजी आले, त्यांनी चहा घेतला. शुक्रवारी सकाळी मी उठून पाहते तर माई परत पाटासमोर, निरांजन लावलेलं, पहिला अध्याय उघडलेला. मी म्हटलं, "अहो माई, समाप्ती झाली ना?" त्या म्हणाल्या, "तुमची झाली. काल चौघांना लागलं." एवढं बोलल्यामुळे त्यांना पहिली ओवी परत वाचावी लागली.

गेल्या थंडीत माई गेल्या. शेवटचे काही दिवस दवाखान्यात होत्या. शीर सापडत नव्हती म्हणून तिथली नर्स हातात सुई घेऊन परत परत प्रयत्न करत होती. माई म्हणाल्या, "बाई, शीर नसेल तर नाही म्हणून सांग, विहीर नको खणू." संध्याकाळी, दिवे लागल्यावर, त्यांनी तिला हाक मारून विचारलं, "मघाशी माझं लागलं का?" ती साधी पोरगी, त्यांचा हात हातात घेऊन म्हणाली, "आजी, सुई मी टोचली. लागलं तर तुम्हाला." माई मृणालताईला म्हणाल्या, "हिला केक दे."

दिवस झाल्यावर पोथीचा प्रश्न आला. मी म्हटलं, ताई, तुम्ही न्या, लेकीचा मान. ती म्हणाली, तू ठेव, तू सून आहेस. एकमेकींना आग्रह करून झाला, कारण पोथी घेणं म्हणजे काय हे दोघींना चांगलं ठाऊक होतं. शेवटी ताई म्हणाली, "तूच घे वैशाली. तुला जास्त गरज आहे." संध्याकाळी तिचा फोन आला, ते लागलं का म्हणून. मी म्हटलं, लागलं. पण पोथी तोवर मी पाटावर ठेवली होती.

मला पहिले दोन अध्याय बरे गेले. तिसऱ्यात मीही आहे. सई कॉलेजला जायच्या घाईत ओरडते, "आई, दूध!" आणि मी हातानं खुणा करते. गेल्या रविवारी ताई यायची होती. तिनं सकाळी फोन केला की मोठी ऑर्डर आहे, आज जमत नाही, पुढच्या रविवारी बघते. हे तिसऱ्यांदा. मी म्हटलं, "राहू द्या ताई. तुम्ही येईपर्यंत सईचं लग्न निघेल, आता त्यालाच या." फोन ठेवला आणि मीच दचकले. आवाज माझा होता, वाक्य सगळं माईंचं.

दिवसभर ते वाक्य घरात माझ्या मागे फिरत राहिलं. संध्याकाळी दिवा लावला, हात जोडले आणि फोन लावला. पलीकडे मिक्सर चालू होता. तो बंद झाला.

"ताई, सकाळी मी बोलले ते लागलं का?"

तिनं वेळ घेतला. "लागलं."

"मग उद्या परत तिसरा," मी म्हटलं.

"वाच," ती म्हणाली. "मी येते ऐकायला."